रिडेम्प्टर ड्रेडनॉटचे मूल्यमापन : एका डावातील दोन फेऱ्यांचा अभ्यास

वॉरहॅमर 40,000 हा टेबलावर लहान मूर्तींची सैन्ये मांडून फाशांनी लढायचा युद्धखेळ; तो खेळणाऱ्यांमध्ये एखाद्या तुकडीचे मोल ठरवण्याची एक रूढ पद्धत आहे. डाव संपल्यावर त्या तुकडीने किती पॉइंटांचे शत्रू मारले ते मोजायचे, तिची स्वतःची किंमत त्याच्या शेजारी मांडायची आणि वजाबाकी करून निकाल द्यायचा. आमच्या गटातील एका खेळाडूने याच हिशोबाने आपल्या 2000 पॉइंटांच्या स्पेस मरीन लिस्टमधून, म्हणजे तेवढ्या किंमतीत निवडलेल्या चिलखतधारी सैनिकांच्या सैन्यातून, रिडेम्प्टर ड्रेडनॉट हे चालते लढाऊ यंत्र काढून टाकायचे ठरवले होते. ज्या डावानंतर त्याने हे ठरवले, त्यात रिडेम्प्टरने शत्रूचे तीन टर्मिनेटर, म्हणजे जड चिलखतातले सैनिक, मारले आणि तिसऱ्या फेरीत तो नष्ट झाला. तीन टर्मिनेटरांची किंमत रिडेम्प्टरच्या किंमतीपेक्षा बरीच कमी असल्यामुळे वजाबाकीचे उत्तर त्याच्या विरोधात गेले. माझ्या मते तो निष्कर्ष चुकीच्या मोजपट्टीवर बेतलेला आहे, आणि त्या डावातील दुसरी व तिसरी फेरी बारकाईने तपासली की चूक कुठे झाली ते स्पष्ट दिसते. पुढील सर्व आकडे 2023 मध्ये आलेल्या दहाव्या आवृत्तीतील आहेत. पॉइंटांच्या किंमती अधूनमधून बदलल्या जातात, म्हणून विवेचन किंमतीवर न ठेवता गुणधर्मांवर ठेवले आहे.

प्रथम तुकडीची ओळख करून घेऊ. नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉपने 2017 मध्ये, आठव्या आवृत्तीच्या काळात, रिडेम्प्टर बाजारात आणला. प्राणांतिक जखमी झालेल्या मरीनला दोन पायांच्या चिलखती यंत्रात बसवून पुन्हा रणात उतरवायचे, ही ड्रेडनॉटची मूळ कल्पना त्याहून कितीतरी जुनी आहे. सातव्या आवृत्तीपर्यंत अशा चालत्या वाहनाला पुढचे, बाजूचे आणि मागचे असे तीन निरनिराळे चिलखत-आकडे असत. साध्या ड्रेडनॉटचे ते 12, 12 आणि 10 होते, त्यामुळे तो कोणत्या दिशेला तोंड करून उभा आहे यावरच पुष्कळ काही ठरायचे. आठव्या आवृत्तीने ही पद्धत मोडीत काढली आणि वाहनांनाही पायदळासारखाच टफनेस (जखमी करणे किती कठीण ते सांगणारा आकडा) आणि जखमांचा आकडा (किती जखमा झाल्या की नष्ट होतो) दिला. दहाव्या आवृत्तीतला रिडेम्प्टर 8 इंच चालतो, त्याचा टफनेस 10 आहे, सेव्ह, म्हणजे चिलखताने वार परतवण्याचा फासा, 2 किंवा अधिकवर मिळतो आणि त्याला 12 जखमा आहेत. ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे टेबलावरची गुण देणारी जागा, ताब्यात ठेवण्याचा त्याचा आकडा, म्हणजे ओसी, 4 आहे. शेवटच्या चार जखमा उरल्या की त्याच्या प्रत्येक नेमाच्या फाशातून 1 वजा होतो.

या गुणधर्मांतले सर्वांत महत्त्वाचे कलम म्हणजे ड्यूटी इटर्नल. रिडेम्प्टरवर पडणाऱ्या प्रत्येक हल्ल्याच्या डॅमेजमधून, म्हणजे त्याने होणाऱ्या जखमांच्या संख्येतून, 1 वजा होतो, मात्र तो 1 च्या खाली जात नाही. वाचताना हे कलम किरकोळ वाटते. त्याचे वजन समोर कोणती बंदूक आहे यावर ठरते, आणि तेच समजून घेण्यासाठी गणित करावे लागते.

फाशाच्या 3 किंवा अधिकवर नेम लागणारी लासकॅनन ही वाहनभेदी तोफ घेऊ. तिची स्ट्रेंग्थ, म्हणजे माऱ्याची ताकद, 12 असल्याने टफनेस 10 ला ती 3 किंवा अधिकवर जखमी करते. तिचा चिलखतभेद 3 असल्याने 2 वर मिळणारा सेव्ह 5 वर जातो. डॅमेज एक फासा अधिक 1 इतका असतो, आणि ड्यूटी इटर्नल नेमका तो अधिकचा 1 काढून घेते. दर गोळीमागे सरासरी सुमारे 1.04 जखमा पडतात, म्हणजे उघड्यावर उभा असलेला रिडेम्प्टर पाडायला सरासरी 12 च्या आसपास गोळ्या लागतात. हे कलम नसते तर 9 गोळ्यांत काम झाले असते. आता तोच रिडेम्प्टर पडक्या इमारतीच्या कोपऱ्यामागे अर्धवट झाकून उभा केला, तर आडोशामुळे सेव्ह 4 वर येतो, दर गोळीमागील सरासरी 0.78 पर्यंत उतरते आणि 15 हून अधिक गोळ्या खर्ची पडतात. केवळ उभे राहण्याची जागा बदलल्याने शत्रूचे तीनचार लासकॅननचे नेम वाया जातात. ही गोष्ट रिडेम्प्टर खेळवणारे पुष्कळ जण लक्षात घेत नाहीत, असे मला वारंवार दिसते.

डॅमेज 2 असलेल्या शस्त्रांच्या बाबतीत हेच कलम निर्दय ठरते. सुपरचार्ज केलेल्या, म्हणजे जादा जोराने चालवलेल्या, साध्या प्लाझ्मा बंदुकीची स्ट्रेंग्थ 8, चिलखतभेद 3 आणि डॅमेज 2. ती रिडेम्प्टरला 5 किंवा अधिकवरच जखमी करते आणि झालेली जखमही अर्ध्यावर येते, त्यामुळे दर नेमामागे सरासरी 0.15 जखम पडते. हेवी बोल्टरची गत त्याहून वाईट आहे. स्ट्रेंग्थ 5 ही टफनेस 10 च्या बरोबर निम्मी असल्याने ती फक्त 6 वर जखमी करते, आणि तीन गोळ्यांच्या एका फैरीतून सरासरी 0.14 जखमेपलीकडे काही निघत नाही. मेल्टा शस्त्रांना चिलखताची पर्वा नसते, परंतु त्यांची स्ट्रेंग्थ 9 असल्याने तीही 5 वर अडकतात, आणि निम्म्या पल्ल्याच्या आत आल्याशिवाय त्यांचा डॅमेज वाढत नाही. मल्टी-मेल्टाचा निम्मा पल्ला 9 इंच आहे. इतक्या जवळ आलेले वाहन पुढच्या पाळीत रिडेम्प्टरच्या मुठीच्या टप्प्यात येते, हे प्रतिपक्षालाही ठाऊक असते.

याचा अर्थ रिडेम्प्टर सगळ्यांनाच जड जातो असे मात्र नाही. टाऊ सैन्याच्या हॅमरहेड रणगाड्यावरील रेलगनचा डॅमेज एक फासा अधिक 6 इतका असल्याने त्यातून 1 वजा होणे न होणे सारखेच. 6 पडला की टफनेस न पाहता थेट जखम करणारी लीथल हिट्सची शस्त्रे पुष्कळ संख्येने आली तर टफनेस 10 निरुपयोगी होतो. डॅमेज 1 ची शस्त्रे ड्यूटी इटर्नलला मुळीच जुमानत नाहीत, आणि मॉर्टल वूंड तर चिलखत आणि हे कलम दोन्ही ओलांडून जातात. म्हणून रिडेम्प्टर टिकाऊ आहे काय, या प्रश्नाला प्रतिपक्षाची लिस्ट पाहिल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

आता प्रत्यक्ष डावाकडे वळू. प्रतिपक्ष केऑस स्पेस मरीन होता आणि त्याच्या वाहनांवर मिळून सहा लासकॅनन होत्या. मिशन टेक अँड होल्ड होते, ज्यात ताब्यातील प्रत्येक ऑब्जेक्टिव्हमागे 5 गुण मिळतात. टेबल 60 बाय 44 इंचांचे होते आणि मधल्या ऑब्जेक्टिव्हभोवती मोकळी जागा सोडून दोन्ही अंगांना पडक्या इमारती मांडल्या होत्या. आमच्या खेळाडूच्या लिस्टमध्ये रिडेम्प्टरखेरीज दोन रणगाडे होते, पायदळ होते आणि रिडेम्प्टरच्या पाठोपाठ चालणारा, वाहने दुरुस्त करणारा एक टेकमरीन होता.

दुसऱ्या फेरीत रिडेम्प्टर एका इमारतीच्या कोपऱ्याआड अर्धवट झाकलेला होता. प्रतिपक्षाने साऱ्या सहा लासकॅनन त्याच्यावर रोखल्या. चार नेम लागले, तीन जखमी करणारे निघाले, आडोशामुळे 4 वर मिळालेल्या सेव्हने एक परतवला आणि दोन आरपार गेले. डॅमेजच्या फाशांवर 5 आणि 3 पडले. प्रत्येकी अधिकचा 1 आणि ड्यूटी इटर्नलचा उणा 1 एकमेकांना खोडून एकूण 8 जखमा झाल्या. रिडेम्प्टरकडे बरोबर 4 उरल्या, म्हणजे नेमातून 1 वजा होण्याची मर्यादा त्याने नेमकी गाठली. त्याच वेळी पाच केऑस टर्मिनेटर पुढे सरकून मधल्या ऑब्जेक्टिव्हवर बसले.

तिसऱ्या फेरीतील आमच्या खेळाडूची पाळी हा या प्रकरणाचा गाभा आहे. टर्मिनेटरांचा ओसी प्रत्येकी 1, म्हणजे एकूण 5, आणि रिडेम्प्टरचा एकट्याचा 4. त्यामुळे मधला ऑब्जेक्टिव्ह प्रतिपक्षाकडून हिसकावण्यासाठी किमान दोन टर्मिनेटर मारणे भाग होते. तसे झाल्यास प्रतिपक्षाच्या पुढच्या कमांड फेजमध्ये, म्हणजे त्याच्या पाळीच्या सुरुवातीच्या टप्प्यात, त्याला त्या जागेचे 5 गुण मिळणार नव्हते. टर्मिनेटरचा टफनेस 5, जखमा 3, आणि कितीही भेदक शस्त्र आले तरी 4 वर टिकणारा अभेद्य सेव्ह. रिडेम्प्टरकडे मॅक्रो प्लाझ्मा इन्सिनरेटर ही प्लाझ्मा तोफ होती, आणि दुसऱ्या हाताची मूठ.

येथे सुपरचार्ज करायचे की नाही, हा पहिला निर्णय होता. साध्या प्रकारात इन्सिनरेटरचा डॅमेज 2 असतो, म्हणजे तीन जखमांच्या टर्मिनेटरला मारायला दोनदा सेव्ह चुकावा लागतो. सुपरचार्जमध्ये स्ट्रेंग्थ 9 आणि डॅमेज 3 होतो, आणि चुकलेला प्रत्येक सेव्ह एक टर्मिनेटर घेऊन जातो. त्याची किंमत म्हणजे गोळीबारानंतर टाकावा लागणारा हॅझार्डसचा फासा, ज्यावर 1 पडल्यास स्वतःलाच 3 मॉर्टल वूंड होतात. चार जखमा उरलेल्या वाहनाने हा धोका घ्यावा का, असे खेळाडूने त्या वेळी मोठ्याने विचारले होते. उत्तर निःसंशय होकारार्थी होते, कारण वाईटात वाईट फासा पडला तरी एक जखम शिल्लक राहत होती, आणि कमांड पॉइंट खर्चून तो फासा पुन्हा टाकण्याची सोयही होती. साधा प्रकार वापरून जीव वाचवला असता, पण ज्या कामासाठी तो तिथे उभा होता ते काम झाले नसते.

दुसरा निर्णय टेकमरीनचा होता, आणि माझ्या मते डावातील सर्वांत मोलाची चाल तीच ठरली. तीन इंचांच्या आत असलेला टेकमरीन वाहनाच्या 1 ते 3 जखमा भरून काढतो आणि त्याच्या नेमाच्या फाशात 1 मिळवतो. चार जखमांवर उभ्या असलेल्या रिडेम्प्टरसाठी दुरुस्तीचा अगदी लहानात लहान फासाही पुरेसा होता, कारण पाच जखमा होताच वजाबाकी संपते. टेकमरीन नसता, तर इन्सिनरेटरकडून सरासरी 0.92 आणि मुठीकडून 1.04, असे मिळून जेमतेम दोन टर्मिनेटर पडण्याची अपेक्षा होती, म्हणजे काम होण्या न होण्याची शक्यता जवळपास सारखी. टेकमरीनसह नेम 2 किंवा अधिकवर आला, आणि हीच सरासरी अनुक्रमे 1.53 आणि 1.74, म्हणजे एकूण 3.26 वर गेली. या हिशोबात, लक्ष्य पाच जणांचे असल्याने ब्लास्ट नियमाने मिळणारी एक जादा गोळी धरली आहे. एका छोट्या, स्वस्त पात्राच्या उपस्थितीने डळमळीत डाव जवळजवळ खात्रीचा झाला.

दुरुस्तीत दोन जखमा भरल्या आणि रिडेम्प्टर सहावर आला. पाच गोळ्यांपैकी चार लागल्या, तीन जखमी करणाऱ्या निघाल्या, दोन सेव्ह चुकले आणि दोन टर्मिनेटर पडले. हॅझार्डसचा फासा सुखरूप गेला. रिडेम्प्टर आधीच पुढे सरकून टर्मिनेटरांपासून 4 इंचांवर आला होता. दोन फाशांवर 4 किंवा अधिक पडण्याच्या शक्यता 36 पैकी 33 असल्याने चढाईचा धोका नगण्य होता, आणि ती यशस्वी झाली. मुठीने आणखी एक टर्मिनेटर मारला. उरलेल्या दोघांनी पॉवर फिस्टने उलट वार केले, पण त्यांच्या डॅमेज 2 चा ड्यूटी इटर्नलने 1 केला आणि रिडेम्प्टर पाच जखमांवर टिकला. ऑब्जेक्टिव्हवर आता 4 विरुद्ध 2 असा ओसी होता. प्रतिपक्षाचे 5 गुण गेले.

यानंतर प्रतिपक्षाने काय केले, ते नीट पाहण्यासारखे आहे. त्याने पुन्हा सहाच्या सहा लासकॅनन रिडेम्प्टरवर चालवल्या. हातघाईत गुंतलेल्या वाहनावर गोळीबार करण्याची मुभा दहाव्या आवृत्तीत आहे, मात्र नेमातून 1 वजा होतो. ते गणित केले तर दर गोळीमागील सरासरी पुन्हा 0.78 येते, म्हणजे आडोशाआड उभे असतानाचा आकडाच. मोकळ्या मैदानात शत्रूला बिलगून उभा असलेला रिडेम्प्टर लासकॅननपुढे इमारतीआडच्या रिडेम्प्टरइतकाच सुरक्षित असतो. ही जुळणी मला या संपूर्ण अभ्यासातली सर्वांत उपयोगी गोष्ट वाटते, कारण एका आडोशाकडून दुसऱ्याकडे जाताना रिडेम्प्टरला उघड्यावर उभे न राहता पुढे कसे न्यावे, याचे उत्तर तिच्यात आहे. सहा गोळ्यांची अपेक्षित बेरीज 4.67 होती आणि रिडेम्प्टरकडे 5 जखमा होत्या. दोन गोळ्या आरपार गेल्या, फाशांवर 4 आणि 2 पडले, आणि तो नष्ट झाला.

आता हिशोब पुन्हा मांडू. मारलेल्या टर्मिनेटरांची किंमत घेऊन वजाबाकी केली तर रिडेम्प्टर तोट्यात आहे. परंतु प्रतिपक्षाच्या सहा लासकॅनन दोन पूर्ण फेऱ्या, म्हणजे बारा नेम, फक्त त्याच्यावर खर्च झाल्या. त्या दोन फेऱ्यांत आमच्या खेळाडूच्या दोन रणगाड्यांवर एकही लासकॅनन चालली नाही आणि ते निर्वेधपणे दोन्ही बाजू धरून राहिले. शिवाय मधल्या ऑब्जेक्टिव्हचे 5 गुण अडले, आणि पाच टर्मिनेटरांची तुकडी दोघांवर आली. यांपैकी शेवटची बाब सोडली तर उरलेली कोणतीही गोष्ट मारलेल्या पॉइंटांच्या रकान्यात येत नाही. हा डाव गुणांनी जिंकला जातो आणि गुण जागा धरून मिळतात, म्हणून जागा धरणाऱ्याची किंमत त्याने पाडलेल्या प्रेतांवर लावणे मला मान्य नाही.

तरीही एक आक्षेप रास्त आहे आणि तो नोंदवायला हवा. प्रतिपक्षाने रिडेम्प्टरकडे दुर्लक्ष करून लासकॅनन रणगाड्यांकडे वळवल्या असत्या आणि मधल्या जागी टर्मिनेटरांऐवजी साधे मरीन पायदळ घातले असते, तर चित्र वेगळे झाले असते. अशा पायदळात प्रत्येकाचा ओसी 2 असतो, म्हणजे पाच जणांचा 10. रिडेम्प्टरच्या 4 ला ती जागा मिळवायला चार जण मारावे लागले असते. रिडेम्प्टर गर्दीच्या पायदळाकडून जागा हिसकावण्यात कच्चा आहे, आणि त्या कामासाठी त्याच्या सोबत आपले पायदळ जायलाच हवे.

चालण्याबाबतही एक भ्रम दूर करणे आवश्यक आहे. दोन पायांमुळे तो अडथळ्यांतून सहज जाईल असे नवख्यांना वाटते. पायदळ पडक्या इमारतीच्या भिंतींतून आरपार जाऊ शकते, पण रिडेम्प्टर वाहन असल्याने त्याला वळसाच घालावा लागतो. पाच इंच उंच भिंत चढून उतरायची म्हटली तर केवळ उभे अंतरच 10 इंच होते आणि त्याची चाल 8 इंच आहे. त्याचा तळ 90 मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे साडेतीन इंचांहून किंचित मोठा, त्यामुळे दोन इमारतींमधील तीन इंचांच्या बोळातून तो जात नाही. सैन्य मांडतानाच मधल्या ऑब्जेक्टिव्हपर्यंतची त्याची वाट तळाच्या मापाची चकती ठेवून तपासावी. मांडणीत दोन इंचांची चूक झाली की त्याची एक फेरी वळसा घालण्यात जाते, आणि पाच फेऱ्यांच्या डावात ती परवडत नाही.

त्या खेळाडूचा पर्यायी विचार बॅलिस्टस ड्रेडनॉट घेण्याचा होता. त्याचाही टफनेस 10, सेव्ह 2 आणि जखमा 12 आहेत, आणि त्याच्या लासकॅनन दूरवरून शत्रूची वाहने फोडतात. परंतु त्याला ड्यूटी इटर्नल नाही आणि हातघाईत त्याच्याकडे पायांच्या लाथांपलीकडे काही नाही. मागे उभे राहून मारा करायचा असेल तर बॅलिस्टस निर्विवाद सरस आहे. पुढे जाऊन मधली जागा अडवायची असेल तर ते त्याचे काम नव्हे. या लिस्टमध्ये दूरचा मारा करणारे दोन रणगाडे आधीच होते आणि पुढे जाणारे जड वाहन मात्र एकच होते, म्हणून बदली करण्यात मला तोटाच दिसला.

माझी शिफारस मी त्याला सविस्तर लिहून दिली. रिडेम्प्टर एकच ठेवावा, टेकमरीन त्याच्यापासून तीन इंचांच्या आत राहील अशी दोघांची वाट आधी आखावी, पहिल्या फेरीत त्याला पूर्ण दृष्टीआड ठेवावे आणि दुसरीत आडोशाच्या कोपऱ्यावर आणावे. रणगाड्यांपैकी एक तरी त्याच वेळी शत्रूला धोका वाटेल इतका पुढे असावा, म्हणजे लासकॅनन कोणावर रोखायच्या हा पेच प्रतिपक्षाला प्रत्येक फेरीत पडेल. समोर टाऊच्या रेलगन किंवा लीथल हिट्सचा भडिमार असेल, तर मात्र रिडेम्प्टरला तिसऱ्या फेरीपर्यंत मागे ठेवून पायदळाने मधली जागा धरावी. त्याने रिडेम्प्टर लिस्टमध्ये परत घेतला आहे, आणि लिस्टमधील इतर पॉइंट जुळवून त्याच्या पाठीशी पाच इंटरसेसरांची, म्हणजे पायदळाची, एक तुकडी जोडली आहे.